गंजका होता का?

विळीवर बोट कापलं की घरात धावपळ होते आणि पायात काही टोचलं की चर्चा होते. कापल्यावर भळभळ रक्त दिसतं, कुणी फडकं आणतं, कुणी हळदीचा डबा उघडतं, आणि पाच मिनिटांत प्रकरण मिटतं. टोचल्याचं तसं नाही. एक बारीक ठिपका, त्यावर रक्ताचा एक थेंब, तोही पुसला की संपला. बाहेर बघण्यासारखं काही उरत नाही. मग आत काय झालं असेल याची कल्पना करायला घरादाराला मोकळं रान मिळतं.

गोव्यात टोचून घ्यायला वस्तूंचा तुटवडा नाही. खोबरं खवताना आदोळीचे दाते आहेत, कुळागरात लिंबाचे काटे आहेत, पावसात गवत वाढलं की त्यात दडलेली कुंपणाची काटेरी तार आहे. किनाऱ्यावर अनवाणी चालायची हौस असेल तर खडकाला चिकटलेली कालवं आहेत. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे शिंगाळा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांवर एकेक असे तीन काटे असतात, आणि मासा मेलेला असला तरी ते काटे आपलं काम करतात. आमच्याकडे येणारी मासेवाली यावर एकच इलाज सांगते: सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून बस. बाई बरोबर सांगते. त्या काट्यांचं विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने ते बिघडतं आणि ठणका उतरतो. पाणी मात्र सोसेल इतकंच, ४५ अंशांच्या वर नको, नाहीतर काट्याचं दुखणं जाऊन भाजल्याचं सुरू व्हायचं. डॉक्टरांच्या पुस्तकात आणि मासेवालीच्या टोपलीत एकच उपाय सापडावा असं क्वचितच होतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

लोखंडाच्या बाबतीत मात्र असं एकमत नाही. गणेश चवथीच्या तोंडावर माळ्यावरून माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट खाली काढतात. वर्षभर ती तिथे धूळ आणि उंदरांच्या संगतीत असते. अंगणात ती धुऊन, पुसून, कुमयाचे दोर ओवून तयार करायची आणि मग तिच्यावर आंबाडे, तोरिंज, कांगलां, कौंडाळ, सुपारीचे घोस असं सगळं बांधायचं. आमचे भाऊजी त्या उत्साहात मागे सरकले आणि चौकटीतून निघालेल्या एका फळीवर त्यांचा पाय पडला. फळीत खिळा होता. तो रबरी चपलेतून सरळ टाचेत गेला. त्यांनी पाय उचलला, फळीही बरोबर उचलली गेली. पुढचे काही क्षण भाऊजी जे बोलले ते गणपतीच्या दिवसांत लिहिण्यासारखं नाही.

ओटीवरून आजींचा पहिला प्रश्न आला, “खिळो गंजिल्लो मरे?”

धनुर्वाताच्या भीतीने विचारलेला हा प्रश्न मी इतक्या घरांत ऐकलाय की तो पंचनाम्यातला पहिला रकाना असावा असं वाटतं. खिळा हातोहात फिरला. एक काका म्हणाले गंजका आहे, दुसरे म्हणाले नुसता मळलाय. भाऊजी पायरीवर टाच धरून बसले होते, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग इलाजांचा लिलाव सुरू झाला. चुना आणि हळद. तेलात हळद कडकडवून त्याचा चटका. चपलेने टाच ठोकून आतलं काळं रक्त बाहेर काढणं. हा उपाय सुचवणाऱ्या काकांनी चपल उचललीही होती. आणि आजींचा हुकूम: “फेणी हाड गो कपाटांतली.”

फेणीबद्दल मला आदर आहे. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवलेलं ते आमचं पेय आहे, सर्दीपडशात आणि गुडघेदुखीत या घराने तिचाच आधार घेतलाय. पण जंतू मारायला निदान साठ टक्के मद्यार्क लागतो आणि फेणीत तो बेचाळीस-त्रेचाळीसच्या आसपास असतो. शिवाय ज्या जंतूच्या भीतीने ती बाटली निघते, त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात झोपून राहिलेलं त्याचं रूप, शुद्ध मद्यार्कालाही दाद देत नाहीत. उकळत्या पाण्यातही ते बराच वेळ तग धरतात. चुना तर सोडाच, तो फक्त कातडी भाजतो आणि जखमेचं तोंड बंद करतो. टोचलेल्या जखमेला नेमकं हेच नको असतं.

गंमत म्हणजे बिचारा गंज यात निर्दोष आहे. धनुर्वाताचा जंतू गंजात राहत नाही, तो मातीत राहतो, धुळीत राहतो, गुराढोरांच्या शेणात राहतो. १८८४ साली जर्मनीत आर्थर निकोलायर यांना तो मातीतच सापडला. त्याच्या टोकाला गोल बीजाणू असतो, म्हणून पाठ्यपुस्तकांत त्याला ढोलाच्या काठीची उपमा देतात. तसा तो वर्षानुवर्षं स्वस्थ पडून असतो. त्याला हवा सोसत नाही. उघड्या, वाहत्या जखमेत त्याचं फारसं चालत नाही. त्याला हवी असते खोल, अरुंद, प्राणवायू न पोचणारी जागा, आणि खिळा ती आयती करून देतो. जुना खिळा अंगणात, गोठ्यात, मातीत पडलेला असतो, म्हणून गंज आणि जंतू एकत्र भेटतात. नाव मात्र गंजाचं होतं. बाजारातून आणलेला चकचकीत खिळा शेणखतात पडून मग पायात गेला, तर त्याच्याबद्दल “गंजका होता का” विचारून काही उपयोग नाही. सुपारीच्या बागेतला लिंबाचा काटा तर गंजूच शकत नाही.

पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली १८४२ मध्ये, म्हणजे निकोलायर यांच्या शोधाच्या तब्बल बेचाळीस वर्षं आधी. तिथून शिकून निघालेल्या पहिल्या डॉक्टरांनी असे रुग्ण पाहिले असणारच, आणि हे कशामुळे होतं ते त्यांनाही ठाऊक नसणार. मग आपल्या आजीने गंजाला दोष दिला तर तिला हसण्याचं कारण नाही.

तिची भीतीही पोकळ नाही. जंतू जखमेतच राहतो, पण त्याचं विष मज्जातंतूंमधून वर चढतं आणि स्नायूंना सैल होऊ देणारा निरोपच बंद पाडतं. आधी जबडा आखडतो, घास गिळता येत नाही, मग मान, पाठ. शेवटी अंग धनुष्यासारखं मागे वाकतं. नुसत्या उजेडाने किंवा भांडं पडल्याच्या आवाजाने झटके येतात. आणि माणूस शुद्धीवर असतो. टोचल्यापासून हे सुरू व्हायला साधारण तीन दिवसांपासून तीन आठवडे लागतात, तोवर जखम बऱ्याचदा भरून गेलेली असते. आजींच्या लहानपणी त्यांच्या वाड्यावर एका घरी सहा दिवसांचं बाळ दूध ओढेनासं झालं आणि गेलं. नाळ कशाने कापली होती कोण जाणे. त्या काळी असं होणं नवलाचं नव्हतं. प्रसूतीत आई आणि बाळाला होणारा धनुर्वात भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं ते २०१५ साली. म्हणजे अगदी काल-परवा. आजींच्या प्रश्नामागे तो वाडा आहे, ते बाळ आहे.

तर भाऊजींची टाच. माझी जाऊ त्यांना हाताला धरून मोरीत घेऊन गेली आणि नळाखाली पाय धरून साबणाने धू धू धुतला. रक्त थोडं वाहू दिलं. चपलेचा रबराचा तुकडा आत गेलाय का ते उजेडात पाहिलं. चपलेतून खिळा गेला की रबर आणि कापडाचे कण आत राहतात आणि ते पुढे पिकतात. सुईने कोरायला आलेल्या हौशी मंडळींना तिने मोरीच्या दारातूनच परत पाठवलं. वर बेटाडिन लावून सैलसर गॉज बांधली, गच्च पट्टी नाही. तीन दिवस बघायचं, लाली पसरली, टाच गरम झाली, पू आला किंवा आत काही राहिल्यासारखं टोचत राहिलं तर डॉक्टर. मधुमेह असेल तर बघत बसायचंच नाही, सरळ जायचं. जाऊबाई अंगणवाडीत काम करतात, त्यांच्यापुढे फेणीची बाटली मुकाट्याने कपाटात परत गेली.

संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. टाच बघून झाल्यावर त्यांनी धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारलं, “शेवटचा टीटी कधी घेतला होता?”

आणि घराची बोलती बंद. गंजाबद्दल तासभर बोलणारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. आमच्या घराची स्मरणशक्ती कमी नाही. कुठल्या लग्नात कुणाच्या बाजूने मानपान चुकला, कुठल्या वर्षी माटोळीला नारळाची पेंड कुणी आणली नाही, हे सगळं तोंडपाठ आहे. टीटीची तारीख मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. भाऊजी म्हणाले, दहावीत असताना घेतला असेल. काका म्हणाले, नाही, स्कूटरवरून पडला होतास तेव्हा. कुठली स्कूटर यावर पुन्हा वाद.

डॉक्टर हसून म्हणाले, मला गंजाशी देणंघेणं नाही, तारखेशी आहे. लहानपणचे डोस पूर्ण झाले असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या डोसनंतर दहा वर्षं चालतात, मातीच्या किंवा खोल टोचलेल्या जखमेला पाच. मुळात डोसच नीट झाले नसतील तर अशा मातीच्या किंवा खोल जखमेला नुसती लस पुरत नाही, तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. आता नुसत्या टीटीच्या जागी घटसर्पाचीही लस असलेलं टीडी देतात; मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी, गरोदर बायकांनाही. आणि हो, धनुर्वात एकदा होऊन गेला तरी शरीर त्यातून काही शिकत नाही, इतक्या थोड्या विषात तो काम साधतो. शिकवायची ती लसच.

भाऊजींना दंडात टीडी मिळालं. काकांनी आपली बाही वर केली, “मलाही मारा, मी दर वर्षी घेतो, खबरदारी म्हणून.” डॉक्टरांनी बाही खाली करायला लावली. उगाच वारंवार घेतलं तर हात सुजून दुखतो, बाकी फायदा शून्य. काका जरा हिरमुसले. फुकटचं इंजेक्शन नाकारलं जाण्याचा अनुभव त्यांना नवा होता.

घरी आल्यावर जाऊबाईंनी वही काढली आणि एकेकाची नावं लिहून पुढे तारखा मांडायला घेतल्या. पोरांची कार्डं होती, ती सोपी गेली. आम्हा सुनांच्या बाळंतपणाच्या फायली सापडल्या. पुरुषांच्या रकान्यात अंदाज आणि प्रश्नचिन्हं. शेवटी आजींचं नाव आलं. आजी जन्मल्या तेव्हा इथे पोर्तुगीज होते, त्यांची सगळी बाळंतपणं घरी सुईणीच्या हातून झाली, आणि आठवून आठवून विचारलं तरी दंडात कधी सुई गेल्याचं त्यांना आठवेना. खिळ्याखिळ्याला घाबरणारी ही एकटी बाई, आणि घरात एकही डोस न घेतलेलीही हीच.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चवथ झाली की आणा. पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा, त्यानंतर सहा महिन्यांनी तिसरा. आजींनी तारखा ऐकल्या, बोटांवर मोजल्या आणि विचारलं की इंजेक्शनाच्या दिवशी बांगडा खाल्लेला चालतो का.