500 पैकी 190

काल संध्याकाळपासून मन थाऱ्यावर नाही आणि कारण सांगायला लाज वाटावी इतके किरकोळ आहे. ओपन ऑफरला दिलेल्या 500 शेअर्सपैकी 190 स्वीकारले गेले, 310 डीमॅट खात्यात परत आले. यात कोणी कोणाला फसवले नाही. कंपनीतला वाटा 25 टक्के किंवा त्यापलीकडे नेणाऱ्याला इतर भागधारकांकडून किमान 26 टक्के घेण्याचा प्रस्ताव, म्हणजेच ओपन ऑफर, द्यावा लागतो आणि देणारे जास्त झाले की प्रमाणात वाटणी होते, हे मला आधीपासून ठाऊक होते.

सलते ते वेगळेच. बारा वर्षे हे शेअर्स सांभाळले, अण्णांच्या ऑपरेशनच्या वेळीही यांना हात न लावता ठेव मोडली, वहीच्या मागच्या पानावर दर वर्षीचा लाभांश लिहीत आलो. आणि बाजारभावाहून 14 टक्के जास्त दर दिसताच, कामकाजाचे 10 दिवस हातात असताना, तिसऱ्याच दिवशी सगळेच्या सगळे देऊन मोकळा झालो. म्हणजे इतकी वर्षे मी गुंतवणूकदार होतो की केवळ गिऱ्हाइकाची वाट पाहत होतो? नफा 1.25 लाखाच्या आत असल्यामुळे कर लागणार नाही, याचेही समाधान वाटेना.

अण्णांच्या संयमाचे उदाहरण घरात सतत दिले जाते. सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली तेव्हा 925 शेअर्सना 100 या प्रमाणात नवे मिळाले. त्या शंभराचे 2014 च्या विभाजनाने 500 झाले, 2017 च्या बोनसने 550. सकाळी त्यांना त्या संयमाविषयी विचारले, तर म्हणाले, "कसला संयम? कागद ट्रंकेत होते, मी विसरलो होतो."

साताऱ्याच्या मामांना निवडच नव्हती. 2006 मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयमध्ये गेली आणि शेअरमागे 28 रुपये रोख हाती पडले. त्या पैशांत त्यांनी घरावरचे पत्रे बदलले आणि अजूनही पहिला पाऊस झाला की फोनवर त्या पत्र्यांचे कौतुक ऐकावे लागते. हळहळ अशी त्यांच्या तोंडून कधी आली नाही. उलट भाव चढेल म्हणून सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद ठेवून थांबलेल्यांच्या पेवांत 2005 च्या महापुराचे पाणी शिरले होते, तेही इथे सर्वांनी पाहिले आहे. माझ्या बारा वर्षांचा एवढा तोरा मिरवायला नको होता.

आज दुपारी भाव ऑफरच्या बराच खाली आला. गंमत अशी, की कालपर्यंत गेलेल्या 190 ची रुखरुख होती, आज परत आलेल्या 310 चा राग येतो आहे. वहीत 500 खोडून 310 लिहिले आणि पुढच्या लाभांशासाठी रकाना आखला. हिने विचारले, "पुन्हा ऑफर आली तर?" मी चहा मागितला.