मर्गाची फाइल : इंदुरातला माझा अनुभव

घरात माणूस अचानक गेला, दवाखान्यात नेल्यावर कागदावर ‘ब्रॉट डेड’ (आणला तेव्हाच मृत) लिहिलं गेलं, की इंदुरात पुढचा शब्द कानावर पडतो तो ‘मर्ग’. महाराष्ट्रात यालाच अकस्मात मृत्यूची नोंद म्हणतात. रामबागेतल्या एका शेजाऱ्यांच्या मर्गाच्या फाइलीमागे मी शेवटपर्यंत फिरलो, आणि नंतर आणखी काही फाइलींमागे. सगळ्यात आधी मर्ग क्रमांक, तारीख आणि तपास करणाऱ्या अंमलदाराचं नाव वहीत लिहून घ्या. पुढे प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न तोच असतो.

कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. १ जुलै २०२४ पूर्वी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १७४ होतं आणि थान्यात, म्हणजे पोलीस ठाण्यात, अजून तोच आकडा बोलला जातो. पोलीस वस्तीतल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांसमोर पंचनामा करतात, त्यात मृत्यूचं वरवर दिसणारं कारण लिहितात आणि २४ तासांत तो जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. लग्नाला सात वर्षं न झालेल्या स्त्रीने आत्महत्या केली असेल किंवा तिच्या मृत्यूबद्दल संशय असेल, तर शव डॉक्टरकडे पाठवायचं हे कायद्यातच लिहिलं आहे. एरवी ‘कारणाबद्दल शंका आहे का’ हे पोलीसच ठरवतात. मला सगळी मेख इथेच दिसते. शंका घ्यायला वैद्यकीय डोळा लागतो, आणि तो डोळा शंका आल्यावरच बोलावला जातो.

पंचांना बहुतेकदा तयार कागदावर सही करायला सांगतात. वाचल्याशिवाय करू नये. शव कसं पडलं होतं, शेवटचं जिवंत कोणी आणि किती वाजता पाहिलं, पंखा किंवा एसी चालू होता का, उशाशी कुठल्या औषधांच्या पट्ट्या होत्या आणि त्यांतल्या किती गोळ्या संपल्या होत्या, एवढं त्यात हवंच. रक्त खाली साचून अंगावर जांभळे डाग पडतात. साधारण ६ ते १२ तासांत ते पक्के होतात आणि मग शव उलटलं तरी हलत नाहीत. पाठीवर झोपलेल्या माणसाचे डाग पोटाकडे असतील, तर कोणीतरी त्याला नंतर हलवलंय. पण डॉक्टर शव पाहतो ते दुसऱ्या दिवशी, शीतपेटीतून काढलेलं. जागा तो पाहतच नाही. पंचनाम्याच्या चार ओळी हीच त्याची जागा. म्हणून शव उचलण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

रात्रीच्या शवविच्छेदनाबद्दल वाद घालण्याआधी एक लक्षात ठेवा. केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये सोय असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतर परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं शव आणि घातपाताचा संशय यांना त्यातून वगळलं आहे. मर्गाचं प्रकरण बहुधा या यादीत कुठेतरी बसतंच, तेव्हा सकाळची वाट पाहायची तयारी ठेवा.

विषाची शंका असली की व्हिसेरा, म्हणजे शवातल्या अवयवांचे नमुने, तपासणीसाठी राखून ठेवतात, आणि फाइली अडकतात त्या इथे. जठर व लहान आतड्याचा वरचा भाग एका बरणीत, यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग दुसरीत, सगळं मिठाच्या संपृक्त द्रावणात. बरणी दोन तृतीयांशच भरायची. गच्च भरली तर आत वायू साचून झाकण उडतं. नुसत्या द्रावणाचा नमुना वेगळ्या बाटलीत जायला हवा, नाहीतर विष शवातलं की मिठातलं हे सांगता येत नाही. आम्लासारखं दाहक विष असेल तर मीठ चालत नाही. फॉर्मलीन तर विषाच्या तपासणीला कधीच नको, त्यातून विष वेगळं काढणं अवघड होतं. रक्ताच्या १० मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड लागतं. ते नसेल तर कुपीतच मद्यार्क तयार होतो आणि कधी न प्यायलेला माणूस कागदावर दारुडा ठरतो. एवढं सगळं नीट होऊनही बरण्या थान्याच्या मालखान्यात (मुद्देमाल ठेवायच्या खोलीत) पडून राहतात. ‘लॅबमध्ये पेंडिंग आहे’ असं उत्तर मिळालं की बरण्या कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेल्या हे लेखी विचारा. आमच्या एका फाइलीत त्या गेल्याच नव्हत्या.

इंदूर होळकरांचं संस्थान. कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा वेगळा अधिकारी, इंग्रजांच्या इलाख्याच्या शहरांत होता, इंदुरात कधीच नव्हता. मुंबईने तो १९९९ मध्ये बंद केला, पण त्याच्या जागी डॉक्टर आणला नाही. काम पोलिसांकडेच गेलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १८७७ मध्येच कोरोनर हटवून वैद्यकीय परीक्षक नेमला, न्यूयॉर्क शहराने १९१८ मध्ये. हा परीक्षक डॉक्टर असतो, आणि शव उघडायचं की नाही हे तो ठरवतो. जागेवर त्याच्या कार्यालयाची माणसं जातात. तिथेही अनेक काउंटींत निवडून आलेला कोरोनर अजून आहे आणि तो डॉक्टर असावाच असं नाही, तेव्हा त्यांची आरती ओवाळायचं कारण नाही. पण जागेवर वैद्यकीय माणूस गेलाच पाहिजे, एवढं तरी उचलण्यासारखं आहे. आपल्या नव्या संहितेत कलम १७६(३) खाली सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जायचं आहे. मर्ग हा मात्र त्या दिवशी गुन्हाच नसतो, म्हणून तिथे कोणी जात नाही.

विमा कंपनी शवविच्छेदन अहवाल मागते, कारण मृत्यू प्रमाणपत्रावर कारण छापतच नाहीत. कायद्यानेच ते मना आहे. अहवालाची प्रत थान्यातून मिळते, त्यावर ‘मत राखून ठेवले’ असेल तर दावा थांबतो. प्रयोगशाळेचा कागद आला म्हणजे झालं, असं थान्यात मानतात. तसं नसतं. तो कागद शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरकडे परत जायला हवा आणि त्याने अंतिम मत लिहायला हवं. तो बदलून गेला असेल तर विभागातला दुसरा डॉक्टर लिहितो. हा फेरा कोणी आपणहून करत नाही. अर्ज आपणच द्यायचा आणि पोच घ्यायची. अंतिम मत आलं की मर्ग नस्तीबद्ध होतो, म्हणजे फाइल बंद होते, आणि दाव्याला लागणारा शेवटचा कागद हाती येतो. जन्म-मृत्यू निबंधकाच्या वहीत मात्र तोपर्यंत आधीचंच कारण असतं, आणि नवं कळवायला तिथे थान्यातून कोणी गेलेलं मी अजून पाहिलेलं नाही.