गच्ची ठिबक: व्हॉल्व्ह टक् करतो, पाणी येत नाही

गच्चीवरच्या कुंड्यांना टाकीतून ठरल्या वेळी आपोआप ठिबकने पाणी द्यायचा घाट घातलाय, त्याचा कोड बसल्याचं मागे लिहिलंच होतं. पुढची सगळी गाडी व्हॉल्व्हपाशी अडली. ईएसपी३२ (कोड चालवणारा छोटा कंट्रोलर) वेळेवर रिले (विजेचा स्विच) ओढतो, सोलेनॉइडची (विजेच्या कॉइलने उघडणाऱ्या व्हॉल्व्हची) कॉइल टक् करते, हाताला कोमट लागते, आणि ड्रिपर कोरडे ठणठणीत. तोच सोलेनॉइड खाली म्युनिसिपालिटीच्या नळाला लावला की फर्रकन पाणी सोडतो!

शेवटी स्क्रू काढले. आत रबरी पडदा आणि त्याला टाचणीएवढं भोक. कॉइल फक्त मधलं पायलट छिद्र उघडते, पडदा उचलायचा तो पाण्याच्या दाबानेच. वॉशिंग मशीनच्या इनलेटमध्येही हीच रचना असते. १० मीटर उंचीच्या पाण्याला साधारण १ बार दाब. माझी टाकी भरलेली असताना २.५ मीटर, तळाला आली की १.५. म्हणजे जास्तीत जास्त ०.२५ बार, त्यातला थोडा फिल्टर खाणार. लेबलवर मात्र ऐटीत ‘० ते ८ बार’.

दुकानदाराचा सल्ला: बूस्टर पंप लावा. व्हॉल्व्ह उघडावा म्हणून पंप? मग टाकी वर कशाला ठेवली!

डायरेक्ट अ‍ॅक्टिंग सोलेनॉइड (कॉइल मुख्य भोक थेट उघडते तो) शून्य दाबावरही उघडतो, पण स्वस्तातल्यांचं भोक दोन-तीन मिलिमीटर, शिवाय उघडा असेपर्यंत कॉइल वीज पीत बसते. म्हणून मोटरवाला बॉल व्हॉल्व्ह घेतला. घुर्रर्र करत सावकाश फिरतो, पण पूर्ण भोक मोकळं, आणि फिरून झाल्यावर वीज लागत नाही. काल टोमॅटोच्या शेवटच्या कुंडीत थेंब पडला, तो बघत बराच वेळ उकिडवा बसलो होतो. घेणार असाल तर कपॅसिटरवाला घ्या. लाइट गेली की तो आपला आपण बंद होतो, साधा आहे तसाच उघडा राहतो.

प्रवाह कमी करायला बॉलच अर्धवट ठेवा, असं बरेच जण सांगतात. नको. दांडी केसभर हलली तरी प्रवाह कुठल्या कुठे जातो. पुढे अर्धा इंची ग्लोब व्हॉल्व्ह (चाकी फिरवून प्रवाह हळूहळू कमीजास्त करणारा) टाकलाय, गनमेटलचा. चाकी पाव फेरा फिरवली की फरक ड्रिपरवर दिसतो. प्लास्टिकच्यांचे आटे मला भरवशाचे वाटत नाहीत.

आता कुंड्यांच्या खालच्या ओळीला नीडल व्हॉल्व्ह (प्रवाह अगदी बारीक साधणारा), असं लिहिणार होतो, पण थांबा. प्रवाह साधारण उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. पाणी २.५ वरून १.५ मीटरवर आलं की जवळजवळ पाव प्रवाह गायब. सकाळचं सेटिंग संध्याकाळी फुकट! त्यापेक्षा टाकीखाली बादली टांगून तिला बॉल कॉक (पातळी वर आली की तरंगत्या गोळ्याने बंद होणारा नळ) बसवला तर पातळी कायम, ग्लोब एकदाच लावायचा. नीडल रद्द. कमी दाबाला चालणारा, मोठ्या भोकाचा बॉल कॉक कोणी वापरलाय का? रविवारच्या आत सांगा, बादलीला भोक पाडायचंय.