पुरुष गाडीवर बोलतात

आमचा एक मिसळ ग्रुप आहे, चौदा जण. दर रविवारी सकाळी आठला नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला कुठेतरी भेटायचं, ठिकाण शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतं. तर्री कोण ओतून घेतो, अ‍ॅसिडिटी कोणाला, दुसऱ्याचा पापड कोण पळवतो, सगळं एकमेकांचं पाठ. तर गेल्या डिसेंबरात कळलं की आमच्यातला एक जण आठ महिने झाले घरी एकटाच राहतोय. बायको माहेरी गेली, कोर्टात कागद पण दाखल झाले. आणि कळलं तेही त्याच्याकडून नाही, माझ्या बायकोला तिच्या भिशीत कळलं.

मग मला आठवलं. हा निघताना नेहमी दोन पार्सल बांधून घ्यायचा आणि मधेच कधीतरी ते बंद झालं होतं. मी बघितलं होतं ते, गल्ल्यावर त्याच्या मागेच तर उभा असायचो. उलट एकदा मी "काय, वहिनी डाएटवर का?" असं विचारलं आणि तो "हो ना" म्हणून हसला. म्हणजे मीच त्याला उत्तर तयार करून दिलं होतं.

त्याच आठवड्यात मी मुराकामीचं 'मेन विदाऊट विमेन' वाचत होतो. हेमिंग्वेचाही याच नावाचा कथासंग्रह आहे, १९२७ चा, पण मी म्हणतोय तो जपानी माणसाचा, २०१४ चा. त्यात बायको मेलेले, बायकोने सोडलेले, प्रेमात पडून जेवणच सोडलेले असे सगळे पुरुष आहेत. खरं सांगू का, अर्धं पुस्तक वाचून मला राग यायला लागला होता. या माणसांचा एकटेपणा फार देखणा आहे हो. बार, व्हिस्की, जुन्या रेकॉर्डी, एखादं मांजर. आणि बायका कशाला, तर मरायला किंवा निघून जायला, म्हणजे मग याला खिडकीबाहेर बघत बसता येतं. आपल्याकडे एकट्या पुरुषाला आधी गॅसचा नंबर लावायचा असतो, नळाला पाणी किती वाजता येतं ते शेजारच्या काकूंना विचारायचं असतं, मग उरलेल्या वेळात दुःख.

पण त्यातली पहिली गोष्ट, 'ड्राइव्ह माय कार', ती काही डोक्यातून जाईना. हिच्यावर पुढे सिनेमा आला आणि त्याला ऑस्करही मिळालं. काफुकू नावाचा नट आहे, बायको कॅन्सरने गेलेली. डोळ्याला त्रास आणि वर लायसन्स गेलेलं, म्हणून गाडीला ड्रायव्हर ठेवतो, चोवीस वर्षांची एक मुलगी, कमी बोलणारी. बायकोचं दुसऱ्यांशी काय होतं, ते आपल्याला माहीत होतं, तरी आपण विचारलं का नाही, हे सगळं तो या मुलीला सांगतो. ना मित्राला, ना डॉक्टरला. कारण ती रस्त्याकडे बघत असते. मला वाटतं सगळी गोष्ट तिथेच आहे. समोर कोणी बसलं आणि "बोल, काय झालं?" म्हणालं की पुरुषाचं तोंड शिवलं जातं. शेजारी बसलेलं असावं, दोघांची नजर तिसरीकडे असावी, हाताला काहीतरी काम असावं, मग सुटतं.

हा काफुकू गाडीत कॅसेट लावून रशियन लेखक चेकॉव्हच्या नाटकातले संवाद पाठ करत असतो. त्यावरून मला चेकॉव्हचीच ती घोडागाडीवाल्याची गोष्ट आठवली, १८८६ ची. म्हाताऱ्या इयोनाचा मुलगा त्याच आठवड्यात वारलाय. तो बर्फात गाडी हाकतोय आणि येईल त्या गिऱ्हाईकाकडे मान वळवून सांगायला बघतोय, मुलगा गेला हो माझा. कोणाला घाई, कोणाला चेष्टा सुचलेली. शेवटी रात्री तबेल्यात जाऊन तो घोडीला सगळं सांगतो, ती चारा खातखात ऐकते. ही गोष्ट मी कॉलेजात वाचली तेव्हा मला वाटलं होतं की हे गरिबीबद्दल आहे. आता परत वाचली तर वेगळंच दिसलं. इयोना बिचारा प्रयत्न तरी करतो, चार लोकांना सांगून बघतो. आमचा मित्र चौदा जणांत एकालाही सांगायला आला नाही, कारण आम्ही काय करणार ते त्याला माहीत होतं, आम्ही जोक मारला असता.

फ्रँक ओ'कॉनर नावाच्या आयरिश कथाकाराने कथेवर एक अख्खं पुस्तक लिहिलंय, 'द लोनली व्हॉइस'. त्याचं म्हणणं असं की कादंबरीला समाज लागतो, कथा मात्र कडेला पडलेल्या एकट्या माणसाची असते. पटतं मला. आपल्या मराठीत तर एकट्या बाप्यासाठी शब्दही बघा, सडाफटिंग, एकटा जीव सदाशिव, सगळे मजेचे. विधुर हा शब्द स्थळांच्या जाहिरातीबाहेर मी कोणाच्या तोंडून ऐकला नाहीये.

आणि एकटेपण सगळ्यांचं एकाच कारणाने नसतं, हे मला शिकवलं ते कथाकार बाबुराव बागुलांनी. आपल्या नाशिकच्या विहितगावचे ते, जन्म १९३०. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्या नावाच्या कथेतला तरुण परक्या गावी रेल्वेत नोकरीला लागतो आणि खोली मिळावी म्हणून जात लपवतो. आजूबाजूला माणसं आहेत, मान आहे, कौतुकही आहे, पण प्रत्येक वाक्य तोलून बोलायचं, कारण कळलं की मार. याला एकटेपण कोणी दिलं? त्याला बोलता येत नाही म्हणून नाही, त्याला बोलू दिलं जात नाही म्हणून. व्हिस्की आणि रेकॉर्डवाल्या एकटेपणासमोर ही कथा ठेवली की पहिला एकदम हलका लागतो.

जी. ए. कुलकर्णींचं तर विचारूच नका. माणूस धारवाडला राहून लोकांना टाळायचा, गॉगल लावायचा, आणि पत्रं मात्र इतकी लिहायचा की त्यांचे खंड निघाले. तेच परत. समोर नको, कागदावर चालेल. (सावानात, म्हणजे आपल्या १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात, बसून मी हे वहीत खरडत होतो आणि समोरच्या टेबलावर रोज दिसणारे तीन काका पेपर वाचत होते, एकमेकांशी एक अक्षर नाही, पण तिघांपैकी एक आला नाही तर उरलेले दोघं दाराकडे बघत राहतात.)

आता वडिलांचं. ते नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर, आई जाऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत आईबद्दल ते माझ्याशी एकदाही बोलले नव्हते. बोलणं म्हणजे "जेवलास का", "हो", "तुम्ही?", "हो". मीही विचारलं नाही, मिसळवाल्यांना कशाला नावं ठेवू. तर मागच्या महिन्यात त्यांना डोळे तपासायला स्कूटरवर मागे बसवून नेत होतो. द्वारका चौकात नेहमीसारखं सगळं तुंबलेलं, पुढे ट्रक, बाजूला बस, हॉर्न. आणि मागून एकदम आवाज आला, "तुझी आई इथं उतरायची."

मी मान वळवली नाही. का कोण जाणे, पण वळवली नाही.

"शेअर रिक्षाने यायची. मी म्हणायचो थांब, मी येतो घ्यायला. थांबायचीच नाही. एकदा पाऊस होता तेव्हा..."

आणि सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्नवर हातच ठेवला, मी गाडी काढली, पुढचं सगळं वाऱ्यात गेलं. थोडं पुढे जाऊन मी ओरडून विचारलं, "काय म्हणालात बाबा?" तर म्हणाले, "काही नाही, पुढं बघून चालव."

दवाखान्यात दोन तास समोरासमोर बसलो होतो, तिथे पेपरातल्या कांद्याच्या भावावर बोललो. परत येताना मी मुद्दाम द्वारकेवरूनच गाडी घातली. नेमका सिग्नल हिरवा मिळाला.