नायगाराच्या रानातील फादर नॉयमान

सुरतेच्या उधना आणि लिंबायत भागांत आमच्या खान्देशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी जाऊन राहिली आहेत. घरात लग्न निघाले किंवा कोणी गेले, की अहिराणी बोलणारा आपला माणूस जवळ हवा, ही त्यांची ओढ मी माझ्याच नातेवाइकांत पाहिली आहे. बोहेमियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातून) अमेरिकेत गेलेले कॅथलिक धर्मगुरू योहान नेपोमुक नॉयमान यांच्या प्रवासाविषयी वाचताना मला वारंवार हीच माणसे आठवत राहिली.

नॉयमान यांचा जन्म 1811 मधला. वडील जर्मन भाषक बव्हेरियाचे आणि आई चेक असल्यामुळे दोन्ही भाषा त्यांना घरातच मिळाल्या. धर्मशिक्षण पूर्ण होऊनही मायदेशी दीक्षा लांबणीवर पडली, तेव्हा 1836 मध्ये ते एकटेच जहाजाने न्यूयॉर्कला पोचले. तेथील बिशप दुबुआ यांना जर्मन बोलणाऱ्या धर्मगुरूंची इतकी निकड होती, की त्यांनी त्याच जून महिन्यात नॉयमान यांना दीक्षा दिली आणि नायगारा धबधब्याजवळच्या बफेलोकडे रवाना केले.

इरी कालवा 1825 मध्ये खुला झाल्यापासून त्या बाजूला जर्मन शेतकऱ्यांची वस्ती वाढत होती. जंगल तोडायचे, ओंडक्यांची घरे उभारायची आणि दलदलीतून शेतजमीन काढायची, असा त्यांचा संसार होता. घरे एकमेकांपासून दूर आणि वाटा चिखलाच्या. मिस्सेचा (कॅथलिक उपासनाविधीचा) प्याला, वस्त्रे आणि इतर साहित्य पाठीवर बांधून नॉयमान या वस्त्यांवर पायी जात. पावसाळ्यात धडगावकडच्या पाड्यांवर चालत गेलेल्या माणसाला हे कष्ट वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत. पुढे त्यांना घोडा मिळाला, पण ते इतके ठेंगणे होते की त्यांचे पाय रिकिबीपर्यंत पोचत नसत. वाटेवरच्या वनस्पती न्याहाळण्याचा छंद मात्र त्यांनी एवढ्या धावपळीतही सोडला नाही, आणि मला त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटतो तो यामुळेच.

बाप्तिस्मा, लग्न, मरणाऱ्याजवळची प्रार्थना ही कामे तर होतीच, शिवाय वस्तीवरच्या मुलांना ते स्वतः शिकवीत. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम हेच होय, कारण परमुलखात आलेल्या आईबापांची भाषा मुलांच्या तोंडी टिकते ती अशाच शाळांमुळे. चार वर्षे ओढलेल्या या रहाटगाडग्याने 1840 मध्ये त्यांची प्रकृती पार ढासळली आणि त्याच वर्षी ते रिडेम्प्टोरिस्ट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाले.

1852 मध्ये ते फिलाडेल्फियाचे बिशप झाले. तोवर त्या शहरात इटालियन स्थलांतरितही येऊ लागले होते आणि त्यांची अडचण नॉयमान यांना वेगळी सांगावी लागली नाही. इटालियन त्यांना येत होती, म्हणून ते स्वतःच त्या लोकांना प्रवचने देत. पुढे त्यांच्यासाठी त्यांनी स्वतंत्र चर्चही उभे केले, आणि इटालियन लोकांसाठी स्थापन झालेले ते अमेरिकेतील पहिले चर्च मानले जाते.