तुम्ही विचारलंत म्हणून: आजीची भाषा कुठली?

आजीचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, "घरात कोकणी बोलायच्या आणि जन्मभर मराठी शिकवलं, मग त्यांची खरी भाषा कुठली?" इथे गोव्यात हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेकदा उत्तर आपल्या बाजूचं हवं असतं. तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आजी 1930 सालची. पोर्तुगीज शाळेत तिनं पहिला ग्राव, म्हणजे प्राथमिक शिक्षणाचा पहिला टप्पा, केला होता. मुलीला एवढं शिक्षण खूप झालं, असं तेव्हा मानत. मराठी ती वडिलांकडून शिकली. आधी धुळपाटीवर अक्षरं, मग पोथ्या. लग्न होऊन थिवीला आली आणि 1949 मध्ये सासरच्या सोप्यावर सात मुलं जमवून शिकवायला बसली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पाट्या आणायची. फी म्हणून कोणी तांदूळ द्यायचं, कोणी नारळ, आणि ज्यांच्याकडे काहीच नसे त्यांची मुलंही त्याच चटईवर बसायची.

19 डिसेंबर 1961ला गोवा मुक्त झाला. पुढे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, गावोगावी सरकारी मराठी शाळा निघाल्या आणि आजी सरकारी शिक्षिका झाली. पहिला पगार मिळाला त्या दिवशी तिनं फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'पगार'. मुलांना सांगितलं, हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. चावी, बटाटा, तुरुंग, घमेलं, हेही. ते गेले, शब्द आपल्याकडे राहिले, आणि आता ते आपलेच आहेत.

तिच्या शिकवण्याचं मर्म मला इथेच दिसतं. पुस्तकात 'पाणी' असायचं आणि मुलांच्या तोंडी 'उदक'. एकदा बाहेरून आलेलं कोणीतरी एका मुलाच्या 'उदका'ला हसलं. मुलगा गप्प झाला, दिवसभर बोलेना. आजीनं त्याला जवळ बसवून सांगितलं, "मराठी घरात उदकशांत करतात. हक्क सोडला तर उदक सोडलं म्हणतात. तुझा शब्द त्यांच्या देवघरातला आहे रे."

आमच्याकडे घरातल्या लहान मुलीला 'तें' म्हणतात. साहजिकच मुलं वहीत लिहायची, 'माझं बहीण आलं'. आजीनं त्यावर कधी लाल रेघ मारली नाही. खाली बारीक अक्षरात लिहायची, 'माझी बहीण आली', आणि दोन्ही वाक्यं मोठ्यानं वाचून घ्यायची. पहिलं घरी म्हण, दुसरं पेपरात लिही. मीही त्याच सोप्यावर अशीच शिकले. घरची भाषा खाली ठेवून मराठी उचल, असं तिनं मला एकदाही सांगितलं नाही. आज मी जी काही मराठी लिहिते ती या एका गोष्टीमुळे लिहिते.

16 जानेवारी 1967ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. गावात घराघरांत वाद पेटले होते. आजीनं मत दिलं, पण कशाला ते आजोबांनाही सांगितलं नाही. दोन्ही बाजूंच्या घरची मुलं दुसऱ्या दिवशी एकाच बाकावर बसणार होती, एवढंच म्हणाली.

2011च्या जनगणनेला आलेले मास्तर तिचेच विद्यार्थी निघाले. मातृभाषेच्या रकान्याशी ते थबकले. आपल्या बाईंना हे कसं विचारावं, असं त्यांना झालं असणार. आजी म्हणाली, "मातृभाषा कोकणी. इतर भाषांत आधी मराठी लिही, मग पोर्तुगीज." एवढं सरळ उत्तर. तुमच्या प्रश्नाचंही तेच.

तरी एक राहिलंच. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहायची. तिचा मुलगा तारवटी, वर्षातले नऊ-दहा महिने बोटीवर. त्याची पत्रं रोमी लिपीतल्या कोकणीत यायची आणि मावशीला अक्षर येत नव्हतं. रोमीत 'श'साठी 'एक्स' लिहितात; इंग्रजी शिकणाऱ्या आम्हा नातवंडांची तिथेच अडखळ व्हायची. आजी मात्र पहिल्या ग्रावाच्या जोरावर घडाघडा वाचायची. आधी एकदा मनात वाचून घ्यायची, मग मोठ्यानं. मावशी पदराला डोळे पुसत ऐकायची आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगायची. आजी पुन्हा वाचायची.

शेवटच्या महिन्यांत आजी अंथरुणाला खिळली होती. तेव्हा तो मुलगा भेटायला आला. तोही आता सत्तरीचा. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या पेटीत सगळी पत्रं जपून ठेवलेली सापडली, म्हणाला. त्यातलं एक त्यानं आजीला वाचून दाखवलं. प्रत्येक पत्राच्या तळाशी त्यानं एक ओळ लिहिलेली होती: 'वाचून दिवपी बायेक देव बरें करूं.' वाचून देणाऱ्या बाईंचे आभार. आई या ओळीबद्दल कधी काही बोलली नाही, म्हणाला. बोलणार कशी? आजीनं ती कधी मोठ्यानं वाचलीच नव्हती.

आजीचे डोळे मिटलेले होते. आम्हाला वाटलं झोपली. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "हांवें वाचलां तें. दर फावट." मी वाचलंय ते. दर वेळी.