काळ्या स्ट्रॅटची तकाकी: घासकामाची नोंद

शनिवार

गिटार स्ट्रॅटच्या धाटणीची (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची कॉपी), काळी, सेकंडहँड. आधीच्या मालकाने वाजवली भरपूर, पुसली क्वचितच. मनगट टेकतं तिथे धुरकट पट्टा, पाठीवर बेल्टच्या बकलने ओढलेल्या रेघा, खालच्या हॉर्नजवळ (बॉडीचं शिंगासारखं टोक) एक खोलगट चेप आणि वरच्या कडेला एक टवका थेट लाकडापर्यंत. नवा रंग मारायचा नाही हे आधीच ठरवलं. आहे तोच थर चमकवायचा आणि तोही कमीत कमी खरवडून. कारण घासलेला थर परत येत नाही.

तारा काढल्या, नेक (गिटारची दांडी) उतरवली. पिकगार्डसोबत (बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी) सगळी वायरिंग बाहेर येते, पण जॅकच्या दोन वायरी आणि मागच्या स्प्रिंगांच्या पट्टीला जाणारी अर्थिंगची वायर सोल्डर सोडवून मोकळी करावी लागते. त्याआधी फोटो काढून ठेवला. ब्रिजचे (तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग) सहा स्क्रू, पट्ट्याची बटणं, सगळं वेगवेगळ्या डब्यांत. अर्धवट सुटे भाग ठेवून घासायला बसणं मला पटत नाही. कोपऱ्यात मळ तसाच राहतो आणि कागद नेमका तिथेच अडकतो.

पाठीवर जुन्या स्टिकरचा डिंक होता. खोबरेल तेल लावून तासभर ठेवला की बोटाने निघतो. मग तेलाचा ओशटपणा लायटरमधल्या पेट्रोलने पुसला. खिडक्या उघड्या, आसपास गॅस-उदबत्ती काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी. पिकगार्डखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, ॲसिटोनमध्ये बुडवलेला कानकोरणीचा कापूस थोडा वेळ टेकवला. नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं तर जागा चिकट झाली असती. इथे ढिम्म काही झालं नाही, म्हणजे पॉली (पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा थर). हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. नायट्रोचा थर बराच पातळ असतो, पॉलीचा जाड आणि कडक. फेंडरनेही 1960च्या दशकाच्या शेवटी पॉलिएस्टरचा जाड थर वापरायला सुरुवात केली. त्याआधीच्या गिटारींवर एवढं घासकाम करायची माझी तरी हिंमत होणार नाही, आणि जुनी अस्सल गिटार हाती लागली तर ती मळकीच बरी.

रविवार

वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) आणायला गिटारच्या दुकानात नाही, गाड्यांचे रंग विकणाऱ्याकडे गेलो. तिथे सुटा कागद मिळतो. तसंही या रंगांचं मूळ गाड्यांतच आहे. फेंडरने 1960च्या सुमारास कस्टम रंगांचं कार्ड काढलं ते ड्युपाँटच्या मोटारींसाठीच्या ड्युको आणि ल्युसाइट रंगांतून. त्यामुळे गॅरेजमधला रबिंगवाला आपल्याला जे सांगेल, त्यातलं बरंचसं इथे लागू पडतं. फक्त त्याचं मशीन आणि त्याचा जोर सोडून.

आधी नुसतं कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) हाताने मारून बघितलं, एका कोपऱ्यात. धुरकटपणा निम्मा गेला, रेघा राहिल्या. मग 2500 नंबरचा कागद (आकडा जितका मोठा, कागद तितका बारीक), तरी बकलच्या रेघा हलेनात. म्हणून 1500 वर आलो. बारीक कागदाने सुरुवात करून गरज पडली तरच खाली उतरायचं. उलट दिशेने, म्हणजे थेट 800 किंवा 1000 ने सुरुवात करून, जिथे गरज नाही तिथलाही थर उडवण्यात काय अर्थ? नखाने चाचपायचं: रेघेत नख अडकलं तर ती खोल, ती पूर्ण घालवायचा हट्ट सोडायचा.

कागद पाण्यात भिजत ठेवला, पाण्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचा एक थेंब. मागे रबराचा ठोकळा, बोटांनी कधीच नाही. बोटांचा दाब एकसारखा पडत नाही आणि पृष्ठभागावर चर उमटतात. 1500 ने लांबीच्या दिशेने, 2000 ने आडवं, 2500 ने परत लांबीच्या दिशेने. दिशा बदलली की आधीच्या कागदाचे ओरखडे उरलेत का ते लगेच दिसतं. सगळ्या कडांना मास्किंग टेप, शेवटचा कागद येईपर्यंत. कडेला थर सगळ्यात पातळ असतो आणि लाकूड तिथेच उघडं पडतं.

पाण्याचा खरा धोका स्क्रूच्या भोकांत असतो. तिथे लाकूड उघडं. पाणी मुरलं की ते फुगतं आणि भोकाभोवतीचा थर तडकतो. सगळ्या भोकांत मेणबत्तीचं मेण दाबून भरलं होतं आणि ब्रिजच्या आसपास पाण्याऐवजी लायटरचं पेट्रोल वापरलं.

पुसलेल्या कापडावर लक्ष ठेवायचं. चिखल पांढरा येतोय तोवर आपण वरच्या क्लिअर थरात आहोत. काळपट यायला लागला की तिथेच थांबायचं, रंगाला हात लागला. माझ्याकडे पाठीवर मध्यभागी किंचित करडी छटा आली, तिथे 1500 बंद. बकलच्या दोन खोल रेघा राहिल्या आहेत, राहू देत.

घासून झाल्यावर बॉडी आधीपेक्षा भयानक दिसते: सगळीकडे एकसारखी राखाडी. घाबरायचं कारण नाही. P2000 कागदाचा कण साधारण 10 मायक्रॉनचा, आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन. ओरखडे त्याहून मोठे आहेत तोवर प्रकाश विखुरणार, मंद दिसणार. सगळीकडे एकसारखं मंद असलं म्हणजे काम नीट झालं. मध्येच चकाकणारे ठिपके दिसले तर ते खड्डे, तिथे कागद पोचलेलाच नाही.

पुढचा शनिवार

हॉर्नजवळच्या चेपेत काळा रंग शाबूत होता, नुसता खोलगटपणा. तो आठवड्यात फेविक्विकने भरला: एक थेंब, रात्रभर वाळू द्यायचा, मग पुढचा, आजूबाजूपेक्षा किंचित वर येईपर्यंत. लवकर वाळवणारा स्प्रे मारू नये, गोंद पांढरा पडतो आणि बुडबुडे धरतो. मग ब्लेडच्या दोन्ही टोकांना सेलोटेप गुंडाळून मधला थोडासा भाग उघडा ठेवला आणि फुगवटा हळूहळू खरवडला. टेप बाजूच्या रंगावर सरकते, धार फक्त गोंदाला लागते. वरून 1500, 2000, 2500, तेवढ्याच जागेपुरतं. आता टॉर्च तिरकी धरल्याशिवाय ती जागा सापडत नाही. लाकडापर्यंत गेलेला टवका मात्र तसाच सोडला. काळा रंग जुळवून भरला तर तो भरलेला दिसतो.

मग कंपाउंड. ड्रिलला फोमचा पॅड, वेग कमीत कमी, केबल खांद्यावरून मागे. पोकळ्यांना टेप, नाहीतर कंपाउंड उडून आत वाळतं. पॅडची फिरणारी बाजू कडेवरून बाहेर जाईल अशी धरायची, आत येणारी बाजू कडेला लागली तर ड्रिल हातातून निसटायला वेळ लागत नाही. मध्ये मध्ये तळहात लावून बघायचा: कोमट चालतं, चटका नको. हॉर्नच्या आतल्या वळणात आणि कोपराच्या उतारावर हातानेच.

काही कंपाउंडांत तेल असतं आणि ते ओरखडे झाकतं. दोन दिवसांनी सगळं परत दिसतं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धं-अर्धं करून पुसलं आणि मगच ट्यूबलाइटखाली धरलं. (हे पॉलीपुरतं. नायट्रोवर अल्कोहोल नको.) बॉडीत ट्यूबचं प्रतिबिंब सरळ रेषेत आलं, आधी तिथे वेडीवाकडी पांढरी सावली होती. काळ्या रंगावर पॅडची गोल जाळी सगळ्यात जास्त उठते, ती बारीक पॉलिशने हाताने, सरळ रेषेत घालवली. टूथपेस्टचा सल्ला एका मित्राने दिला होता. दात घासायला ठीक आहे.

सध्याची स्थिती

समोरची बाजू काचेसारखी. पाठीवर त्या दोन रेघा, ठरवूनच. नेकच्या पाठीला कंपाउंड लावलेलं नाही आणि लावणारही नाही: ती सॅटिन (मुद्दाम कमी चमकेची) आहे, घासली तर अंगठ्याच्या जागी तेलकट चमक येईल आणि हात चिकटेल. नवा पिकगार्ड घ्यावा असं वाटलं होतं, पण या कॉपीची भोकं स्टँडर्ड मापाशी जुळत नाहीत. जुन्यावरच नुसत्या बारीक पॉलिशने, कागद न लावता, प्रयत्न करणार आहे. वायरी सोल्डर करायच्या आधी पॉट्समध्ये (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) क्लीनरही मारायचा आहे, व्हॉल्यूमचा खरखराट पहिल्यापासूनच होता.